शेंदराखालचा उजेड

प्रतिभाच्या बापानं, सोपाननं, उभा जन्म आणे पठारावर विहिरी खोदल्या. सुरुंग उडाला की काळ्या खडकाच्या पोकळीतून पांढरेशुभ्र स्फटिक निघत, आणि पोरगी ते ओच्यात भरून घरी आणायची. तीच पुढं रसायनशास्त्र शिकली, ओतूरकडच्या एका कॉलेजात शिकवायला लागली, अन् तिथल्या मागच्या खोलीत त्याच दगडांच्या मागं लागली.

दगड झिओलाइटचा. अंगभर भोकं, पण डोळ्यांना न दिसणारी. प्रतिभा त्यांत चांदीचा क्षार मुरवायची, मग गंधकाचा वायू सोडायची. चांदी-गंधकाचे पुंजके भोकातच धरायचे. मोठं व्हायला जागाच नाही. त्या एवढ्याशा पुंजक्यांवर जांभळा दिवा धरला की दगड नारिंगी पेटायचा.

कॉलेजच्या संस्थेचे अध्यक्ष दादाभाऊ. त्यांनी तो दगड पाहिला आणि न विचारता उचलून गावच्या देवळात नेला. विहिरीत स्वयंप्रकाशी दगड सापडला, अशी हाळी दिली. प्रतिभाला निरोप आला: दर्शनाला येऊन आडून दिवा धरायचा अन् गप बसायचं. नाहीतर खोली खाली कर.

ती गेली. भरदुपारी गाभाऱ्यात काळोख, दाराशी ही गर्दी. तिनं दिवा धरला. दगड ढिम्म! मंडळींनी रीतीप्रमाणं त्याला तेल-शेंदराचा जाड लेप दिला होता. प्रकाश आत शिरणार कुठून?

"मॅडम, इज्जतीचा प्रश्न हाय," दादाभाऊ कानाशी कुजबुजले. "सांगा, देव रुसलाय."

"देव न्हाई रुसला. तुमी माझा दगड उचलून लिंपलाय."

"हळू बोला की राव!"

तिनं आरतीचा माईकच ओढला. "मंडळी, हा दगड माझ्या बापानं खणलाय, उजेड मी भरलाय. हात जोडायचेत त्यानं खुशाल जोडा. पण विहिरीचा चमत्कार म्हणंल तो खोटारडा. तुमच्यासमोर नवा करून दावते."

"कुठं दावशील गं?" गर्दीतून शेजारची आक्काबाई ओरडली. "खोली तर जाईल आता तुझी!"

"बापाच्या कांदा साठवायच्या बराकीत. या समदी."

दुसऱ्या दिवशी खोलीला कुलूप. सोपाननं अर्धी बराक रिकामी केली.

"आबा, वायूचा सडक्या अंड्यावाणी वास येईल."

"सडल्या कांद्याला काय अत्तराचा येतो व्हय?"

आक्काबाई सगळ्यांत आधी आली. पदरातून तिनं स्वतःच्या विहिरीचा खडा काढला. "हा पेटव. अन् देवळात न्हाई द्यायची मी, सांगून ठेवते. माझ्या घरच्या भिंतीतल्या दिवळीत ठेवणार."

"ठेवा की," प्रतिभा म्हणाली. "पण आधी वाऱ्याच्या वरल्या अंगाला सरका, आक्का. हा वायू विषारी; पेटला खडा लोकांना दावायला तुमी धड पायजे."