पांढऱ्या ठिणगीचे मिस्त्री

धातूचा कुठलाही तुकडा हातात दिला की मिस्त्री आधी तो ग्राइंडरच्या चाकाला लावायचे. मान जरा तिरकी करून उडणाऱ्या ठिणग्या बघायचे आणि म्हणायचे, "माणसाची जात मी इचारत न्हाई. लोखंडाची मात्र ठिणगी बघून सांगतो."

आणि सांगायचे. पिवळी लांब रेघ उठली तर साधं लोखंड, रेघेच्या टोकाला फुलं फुटली तर पोलाद, काहीच उडालं नाही तर तांबं-पितळ. भंगारवाल्यानं काय सांगून गळ्यात मारलंय, याच्याशी त्यांना काही देणंघेणं नसायचं.

माजलगावात मोंढ्याच्या, म्हणजे धान्यबाजाराच्या, रस्त्याला माझं किराणा दुकान आणि लागूनच त्यांचा लेथ. मधे फक्त एक पत्रा. त्यांचा लेथ सुरू झाला की माझ्या बरण्या थरथरायच्या आणि मी मिरचीचं पोतं उघडलं की ते शिंकून बेजार व्हायचे. शेजारधर्म आम्ही दोघं असा पाळत होतो.

आल्या आल्या पहिल्याच आठवड्यात ते दिवेलागणीला मीठ मागायला आले. आता दिवे लागल्यावर मीठ द्यायचं नाही, लक्ष्मी जाते, हे आमच्याकडे आजोबांपासून चालत आलेलं. मी सकाळी या म्हणालो आणि त्यांच्यादेखत पोत्याचं तोंड दुमडून टाकलं. त्या दिवशी त्यांना अळणी कालवण खावं लागलं. त्याचा वचपा त्यांनी पुढं सहा वर्षं काढला. दिवे लागले की रोज पत्र्याच्या कडेनं त्यांचं डोकं यायचं.

"आप्पा, मीठ हाय का?"

"हाय की. सकाळी या."

मग ते हसत हात धुवायला जायचे. माझ्या गिऱ्हाइकांनाही हे पाठ झालं होतं. एखाद्या दिवशी मिस्त्री आले नाहीत तर तीच विचारायची, आज बरं नाही का म्हणून.

त्या वर्षांत औरंगाबादकडे नवनव्या कंपन्या उभ्या राहत होत्या आणि त्यांचं भंगार ट्रक भरभरून आमच्यापर्यंत यायचं. दिंद्रुडच्या एका बागायतदारानं त्यातलाच एक राखाडी दांडा आणला. उसाला पाणी द्यायच्या पंपाचा शाफ्ट त्याला त्यातून कातून हवा होता. मी उगाच हातात घेऊन पाहिला, तर जाडीच्या मानानं फारच हलका. मिस्त्रींनी तो चाकाला लावला आणि अशा पांढऱ्याशुभ्र ठिणग्या उडाल्या की माझी गिऱ्हाइकं तूरडाळ तराजूत सोडून बघायला धावली.

"टायटॅनियम," मिस्त्री म्हणाले. तरुणपणी मुंबईच्या एका कारखान्यात त्यांनी तो पाहिला होता. जुना दोस्त भेटावा तसे ते खूश झाले. मग सबंध दुपार मला त्याचे गुण ऐकवले. अख्खा दांडा चुलीत घाला, रंग बदलण्यापलीकडे त्याला काही होत नाही. पण त्याचाच केसासारखा बारीक कीस नुसत्या काडीनंही पेटतो, आणि एकदा पेटला की पाणी टाकल्यावर जास्तच चवताळतो. जळून जी पांढरी राख उरते, तीच पांढऱ्या रंगात घालतात. "तुमच्या पाटीवरचा पांढरा रंग हाय ना आप्पा, तो याच्याच घरचा," असं म्हणून त्यांनी एक पट्टी स्टोव्हवर धरली. ती आधी सोनेरी झाली, मग जांभळी, मग मोरपिसासारखी निळी. मी हरखलो. त्यांनी ती मला देऊन टाकली, मी ती तराजूशेजारी टांगली आणि बाकीचं सगळं विसरून गेलो.

तीन दिवस ते तो शाफ्ट अगदी सावकाश कातत होते. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी लेथ बंद केला, कोरडा कीस घमेल्यात भरून पत्र्याशी ठेवला आणि झाकण शोधायला मागं गेले. इकडे मी दिवा-उदबत्ती केली आणि जळती काडी नेहमीप्रमाणे पत्र्याच्या फटीतून पलीकडे टाकली. रोज ती मोरीत पडायची.

जरा वेळानं मिस्त्रींचं डोकं आलं. "आप्पा, मीठ."

मी हसून म्हणालो, सकाळी या. आणि पोत्याचं तोंड दुमडायला लागलो.

"मीठ काढ बे."

सहा वर्षांत त्यांनी मला कधी 'बे' म्हटलं नव्हतं. मी वर पाहिलं. त्यांच्या चष्म्यात दोन पांढरे ठिपके होते, इतके लख्ख की बघवेना. पत्र्याच्या पलीकडे कीस पेटला होता. पत्र्याला टेकून माझ्या बाजूला रॉकेलचं भरलेलं पिंप होतं, आणि ते चार माणसांशिवाय हलणारं नव्हतं.

आग म्हटल्यावर रस्त्यावरचे लोक बादल्या घेऊन धावलेच. एका हमालानं पहिली बादली ओतली. तडतड आवाज होऊन जाळ आढ्यापर्यंत गेला आणि त्याची अर्धी मिशी घेऊन खाली आला. बाकीच्यांपुढं मिस्त्री हात पसरून उभे राहिले, पाणी न्हाई, पाणी न्हाई म्हणत. लोकांना वाटलं, माणसाच्या डोक्यावर परिणाम झाला. मी पोतं ओढत नेलं. त्यांनी माझंच माप घेतलं आणि कडेकडेनं मीठ पसरायला लागले.

"हळू, आप्पा. उडवायचं न्हाई, झाकायचं."

दोघांनी मिळून झाकलं. पांढरा उजेड मिठाखाली लाल झाला, मग विझला. मी येऊन पिंपावर हात ठेवला. ते कोमट लागलं, आणि मी तिथंच खाली बसलो.

कशानं लागली, असं सगळा मोंढा विचारत होता. लेथची ठिणगी उडाली, असं मिस्त्रींनी सगळ्यांना सांगितलं. महिनाभर लोक कामं दुसऱ्या लेथवर नेत होते. आगीच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी मी त्यांच्याकडे गेलो आणि काडीचं सांगून टाकलं.

"मला ठिणगी कळती, आप्पा," ते म्हणाले. "लेथ तवा बंद व्हता. पर रॉकेलच्या दुकानदारानं काडी फेकली म्हनल्यावर तुमच्याकडं कोन येईल? माझं काय, लेथ म्हनला की ठिणगी आलीच."

मी त्यांचं घमेलं घासून दिलं.

त्या संध्याकाळी दिवे लागल्यावर मी मिठाची पुडी बांधून पत्र्याशी उभा राहिलो. मिस्त्रींनी पुडीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"दिवे लागलेत, आप्पा. सकाळी नेतो."

तेव्हापासून खेळ उलटा झाला. मी रोज मीठ देऊ करायचो आणि ते रोज नको म्हणायचे. पुढं त्यांची नजर अधू झाली. लेथ विकून ते मुलीकडे परभणीला गेले, आणि तिकडेच वारले. आता पत्र्याच्या जागी भिंत आहे, आणि भिंतीपलीकडे मोबाइलचं दुकान. ती निळी पट्टी अजून तराजूशेजारी आहे. तिचा रंग कणभर उतरलेला नाही.

दिवेलागणीला मीठ मागायला माझ्याकडे कोणी येत नाही. आप्पा देत नाहीत, हे सगळ्यांना ठाऊक आहे. मी दिवा लावतो, काडी पाण्यात विझवतो, आणि पोत्याचं तोंड उघडं ठेवतो.