उपासाचा आणा

दिनकरराव पोतनीस वारले ते लढाई संपली त्याच महिन्यात. दौलतगंजातल्या मंडळींनी शोकसभा घेतली. दवाखान्यातर्फे मीही गेलो आणि मागच्या सतरंजीवर बसलो. एक वकील उठून म्हणाले, "तीस वर्षं या माणसानं रोग्यांच्या जेवणाचा हिशेब ठेवला, पण एका पैची अफरातफर नाही." खरं आहे. मी मान डोलावली. माणूस चोर असता तर परवडलं असतं. चोराला निदान भीती तरी असते. मग वकील म्हणाले, "त्यांच्या हाताखाली कधी कुणी रोगी उपाशी राहिला नाही." तेव्हा मात्र मी उठलो. बाहेर येऊन जोडे घातले. त्यातला एक हातात घेऊन परत आत जावं असं फार वाटलं. गेलो नाही. मी जन्मभर असंच करत आलो आहे.

आमचा दवाखाना स्टेशनजवळच्या पडावाकडून फूलबागेकडे येताना लागायचा. चाळीस खाटा, एका शेटजींच्या धर्मादायावर चाललेल्या. मी तिथला कंपाउंडर, रमाकांत. दिनकररावांनीच मला पंधरा रुपयांवर चिकटवलं होतं आणि हे ते मला विसरू देत नसत. ते स्वतः भोजन-कारकून. सडपातळ, स्वच्छ धोतर, कपाळाला बारीक सरळ गंध. "आमच्या आजोबांनी दरबारचा पैसा सांभाळला, मी डाळ-तांदूळ सांभाळतो," असं नव्या माणसाला एकदा तरी ऐकवत. मोठं घराणं आणि लहान खुर्ची, हे दुखणं त्यांना आयुष्यभर होतं. त्यावर माझ्याकडे औषध नव्हतं.

ऐपतदार रोगी जेवणाचे पैसे आठवड्याचे आगाऊ भरत. गरिबांना शेटजींची माफी होती. त्यांच्या जेवणाचे रोजचे तीन आणे धर्मादायातून सुटत. सकाळी दिनकरराव प्रत्येक खाटेवर एक पितळी बिल्ला ठेवून जात. त्यावर खाटेचा नंबर. बिल्ला दाखवला की महाराज, म्हणजे आमचा स्वयंपाकी, ताट वाढणार. शेटजी पडले भाविक. माफीतल्या रोग्याचा उपास असेल तर त्यानं बिल्ला परत करावा आणि फराळाला एक आणा घ्यावा, असं त्यांनी सांगून ठेवलं होतं. शेटजींना त्यात पुण्य दिसलं. दिनकररावांना दोन आणे दिसले.

त्या दिवसापासून त्यांच्या टेबलावर पंचांग आलं. सकाळी बिल्ले वाटताना ते खाटेखाटेपाशी थांबून उपासाची वर्दी देत. "आज संकष्टी बरं का." "आज प्रदोष." "माई, आज ग्यारस है, याद है ना?" काही नसलं तर वार होताच. सोमवार शंकराचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. खोकून खोकून पिंजरा झालेला माणूस देवाचं नाव ऐकून बिल्ला पुढे करायचा. महिनाअखेर वाचलेल्या पैशाचा आकडा शेटजींपुढे जाई आणि दसऱ्याला दिनकररावांच्या खांद्यावर जरीकाठी उपरणं येई. आपल्या खिशात त्यांनी एक पैसाही घातला नाही. हेच मला अजून सहन होत नाही.

एका उन्हाळ्यात माफीत, सतरा नंबरच्या खाटेवर, शामला आली. चोवीस-पंचवीस वर्षांची असेल. तिसरं मूल जन्मून आठव्या दिवशी गेलं होतं आणि तिला बाळंतरोग लागला होता. अंगात रक्त म्हणून नाही, डोळ्यांच्या कडा पांढऱ्याफटक. नवरा उमाजी, एकेकाळी पलटणीत, आता पडावावर टांगा हाकणारा. घरी दोन लहान मुली आणि उमाजीची आई. डॉक्टरांनी तपासून मला सांगितलं, "हिला औषध कमी, जेवण जास्त. दोन्ही वेळा भरपूर खाल्लं तर महिन्यात उठेल. नाही तर उठणार नाही." कागदावर लिहिलं, सही केली आणि दरबारच्या लोकांबरोबर शिवपुरीच्या थंड हवेला निघून गेले.

पहिले चार दिवस ती जेवली. वरणभात इतका मन लावून खायची की महाराज मुद्दाम थोडा जास्त वाढायचा. पाचव्या दिवशी उमाजीची आई आली. उंच, वाळकी बाई, कुंकवाच्या जागी गोंदण. शेजारच्या खाटेवरच्या बाईला आणा घेताना तिनं पाहिलं आणि चौकशी केली. दुसऱ्या दिवशी सकाळी बिल्ले वाटायच्या आधीच ती सतरा नंबरपाशी हजर.

"शामले, आज सोमवार आहे."

"आत्याबाई, मी सोमवार धरत नाही."

"आजारपणात धरावा. देव बरं करतो. पोरींच्या दुधाला आणा तरी होईल."

बिल्ला रोग्यानं आपल्या हातानंच परत करायचा, असा दिनकररावांचा नियम. जबरदस्ती होऊ नये म्हणून केलेला. शामलानं आपल्या हातानं दिला. सासूनं आणा कनवटीला लावला. फराळ म्हणून दोन शेंगदाणेसुद्धा त्या खाटेपर्यंत आले नाहीत. मग मंगळवार, मग चतुर्थी, मग गुरुवार. आठवड्यातून दोन दिवस जेवण मिळालं तर डोक्यावरून पाणी.

मी दिनकररावांना म्हणालो, "डॉक्टरांनी तिला जेवायला सांगितलंय."

"मग जेवू दे की! मी ताट अडवलंय का?" ते म्हणाले. "ती आपल्या हातानं बिल्ला देते. उपास करणारीला बळेबळे जेवू घालू? ते पाप तू घेणार आहेस का, रमाकांत? नियम म्हणजे नियम, समझे?" मग आवाज खाली आणून म्हणाले, "तुझी नोकरी बाटल्या भरायची आहे."

मी बाटल्या भरायला गेलो. पण एके दुपारी राहवलं नाही. माझ्या डब्यातल्या दोन पोळ्या आणि बटाट्याची भाजी घेऊन सतरा नंबरपाशी गेलो. तिनं पाठ वळवून, पदराआड, भराभरा खाल्लं. घास गिळताना तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि मला स्वतःचा मोठा अभिमान वाटत होता. शेजारच्या बाईनं ते पाहिलं. संध्याकाळपर्यंत बातमी दिनकररावांकडे. त्यांनी निकाल दिला, "उपास मोडला. आणा परत." दुसऱ्या दिवशी सासूकडून तो वसूल झाला. तिनं वॉर्डभर ऐकू जाईल असा सुनेचा उद्धार केला. खादाड, पोरींच्या तोंडचं दूध पळवणारी, मेलं पोरही हिनंच खाल्लं. शामला भिंतीकडे तोंड करून पडली. मी गेलो तेव्हा म्हणाली, "भाऊ, पुन्हा काही आणू नका. माझ्या पोरींचं दूध जातं."

पुढे आठ दिवसांनी मी औषधांची पेटी आणायला स्टेशनवर गेलो होतो. पडावावर भुसार दुकानाशी उमाजीची आई उभी. कनवटीचा आणा काढून तिनं हरभरे घेतले आणि समोर टांग्याला जुंपलेल्या घोड्याच्या तोबऱ्यात ओतले. घोडं मजेत खात होतं. मला पाहून ती जराही ओशाळली नाही. "मुक्या जनावराला उपास कळत नाही, बाबा," म्हणाली. "घोडं बसलं तर सगळं घर बसेल. सून काय, दुसरी येते."

इथे शहाण्या माणसानं काय केलं असतं? शिवपुरीला डॉक्टरांना तार केली असती. शेटजींच्या पेढीवर जाऊन ओरडला असता. मी काय केलं? सरळ जाऊन शामलाला सांगितलं. माझा संताप मला पेलवेना, म्हणून त्या अर्धमेल्या बाईच्या छातीवर नेऊन टाकला. "तुमच्या उपासाचे हरभरे घोडं खातंय," असं म्हणालो.

ती रडली नाही. म्हणाली, "उद्या मी जेवणार. बिल्ला देणारच नाही." त्या दिवसाचा बिल्ला तर सकाळीच गेला होता. मला फार आनंद झाला. उद्या काय आहे हे मी पंचांगात पाहिलंच नव्हतं.

उद्या निर्जला एकादशी होती. आपल्या दक्षिणी, म्हणजे मराठी, लोकांत तिचं एवढं प्रस्थ नाही, पण इथल्या लोकांचं पाहून आम्हीही ती पाळायला लागलो होतो, आणि दिनकरराव तर सर्वांच्या वर. त्या दिवशी दवाखान्याची चूलच बंद. सगळ्यांचे बिल्ले परत घेऊन सरसकट आणा. मुसलमान रोग्यांनाही आणाच. दुसऱ्या दिवशी पारण्याला शेटजींकडून खीर.

ज्येष्ठातली सकाळ, आठ वाजताच गरम वाऱ्याची लू सुटलेली. बिल्ला खाटेवर पडल्याबरोबर शामलानं तो मुठीत धरला. सासू पुढे झाली. शामलानं मूठ छातीशी घेतली आणि म्हणाली, "मी जेवणार आहे."

दिनकरराव म्हणाले, "बाई, आज निर्जला. चूल पेटलेली नाही. आज बिल्ल्याचा उपयोग नाही."

"डाळीचं पाणी द्या."

"उद्या खीर आहे."

"उद्याचं उद्या. माझा बिल्ला आहे. मला आज द्या."

एवढं बोलून तिला धाप लागली. मी पाण्याचा पेला तोंडाशी नेला. दोन घोट प्यायली, उरलेलं गळ्यावरून सांडलं. दिनकरराव माझ्याकडे पाहत होते. एकादशी मोडायला मीच पुढे झालो होतो ना! महाराजाकडे गेलो, तो म्हणाला, "चौके को ताला है, चाबी बाबूजी के पास." चावी मागायला मी दिनकररावांच्या टेबलापर्यंत गेलो. त्यांनी मान वर करून विचारलं, "काय?" मी म्हणालो, "काही नाही." बाजारातून दूध आणायला बाहेर पडलो. परत आलो तेव्हा नर्सबाईनं तिच्या तोंडावरून चादर ओढली होती.

दुपारी उमाजी टांगा घेऊन आला. आई बरोबर होती आणि दोन्ही मुली. मोठी पाच वर्षांची असेल. धाकटी तिच्या परकराचं टोक धरून. दिनकररावांनी वही उघडली. "सतरा नंबरचा बिल्ला आलेला नाही," ते म्हणाले. "रमाकांत, बघ जरा."

तिची मूठ घट्ट मिटलेली होती. एकेक बोट मला सोडवावं लागलं. तळहातावर बिल्ल्याचा गोल वण उठला होता. मी बिल्ला पुसून टेबलावर ठेवला. दिनकररावांनी तिच्या नावापुढे 'निर्जला' असं लिहिलं, डोळे मिटून हात जोडले आणि म्हणाले, "एकादशीचं मरण. भाग्यवान हो." मग आणा काढून सासूच्या हातावर ठेवला. तिनं तो उलटसुलट करून पाहिला.

तेवढ्यात थोरली मुलगी आजीचा पदर ओढून काहीतरी पुटपुटली. वॉर्डात सकाळपासून खिरीची बोलणी चालली होती, तिनं ऐकली असणार. आजीनं दिनकररावांना विचारलं, "साहेब, उद्याची खीर हिच्या वाट्याची पोरींना मिळेल का?"

दिनकररावांनी वही मिटली. आवाजात राग नव्हता, उलट समजावणीच होती. "बाई, खीर बिल्ल्यावर मिळते. बिल्ला तर परत आला."

मुलगी माझ्याकडे पाहू लागली. बिल्ला कुणी परत आणून दिला, हे तिनं पाहिलं होतं.