शिवून टाकलेली पट्टी

आमच्या ह्यांच्या नडगीवर कुदळ बसली, तेव्हा पिंपरीचा नवा कारखाना माणसं घेत होता. थेरगावातून ह्यांचं नाव लागलं होतं. तीन आठवड्यांनी, सोमवारी, तिथला डॉक्टर तपासणार होता. कारखाना औषधाचा, म्हणून उघडी जखम असलेला माणूस चालणार नव्हता. दीड एकर कोरडवाहूवर आम्ही सहा माणसं पोट भरत होतो. ती नोकरी मला जिवापाड हवी होती.

चिंचवडच्या दवाखान्यातल्या कंपाउंडरने पट्टी बांधली आणि मला समोर बसवून बजावलं, "बाई, खपली म्हणजे अंगानं स्वतःच घातलेलं झाकण. त्याखाली कडेकडेनं नवी कातडी सरकत येते. झाकण उचललंत की तिला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. पट्टी चिकटली तर कोमट पाण्यात भिजवा, ओढू नका."

मला पटलं. घरात आणखी कुणाला पटेल तर शपथ. दुसऱ्या दिवसापासून समाचाराला माणसं यायला लागली, आणि समाचाराला आलेल्याला जखम दाखवली नाही तर आमच्याकडे तो अपमान. काळेवाडीहून उन्हातून चालत आलेला माणूस काय नुसता चहा पिऊन जाणार? सासूबाई पट्टी सोडत, नव्या लुगड्याची घडी मोडावी तशा सावकाश. पाहुणे वाकून बघत आणि ज्याचं त्याचं औषध सांगत. एकीनं दगडी पाल्याचा रस पिळला, एकानं तंबाखू दाबली. देहूच्या मावससासऱ्यांनी तर खाली पू आहे का ते पाहायला खपली नखानं टोकरली. पू नव्हता. दोन दिवसांनी झाला. आणि आमचे हे? पोत्यावर पाय टाकून कुदळ कशी निसटली ते प्रत्येकाला नव्यानं सांगत. सांगताना इतके खुलत की जखम बरी व्हायला हवी होती की नको, कोण जाणे.

सासूबाईंना मी सांगून सांगून थकले. पालथ्या घड्यावर पाणी. "मानसं मायेनं येत्यात," त्या म्हणायच्या, "त्यास्नी काय दार लावू?"

शेवटी ह्यांना पुन्हा दवाखान्यात नेलं, कंपाउंडरची बोलणी खाल्ली, आणि घरी आल्यावर सुईदोरा घेऊन गोधडीला घालतात तसे टाके घालून पट्टी शिवूनच टाकली. आता ज्याला बघायचं असेल त्यानं माझ्याकडे कात्री मागावी, असं सगळ्यांदेखत सांगितलं. दर चार दिवसांनी कंपाउंडर टाके उसवून जखम धुई, घरी आलं की मी पुन्हा शिवून टाकायची. नणंदेनं मला उर्मट म्हटलं. सासूबाई आठवडाभर माझ्याशी बोलल्या नाहीत. पण जखम भरत गेली. शुक्रवारी कंपाउंडर म्हणाला की खपली छान सुकली आहे, आता सोमवारी त्या डॉक्टरलाच पट्टी सोडू द्या.

सोमवारी सकाळी हे आंघोळ करून निघायच्या तयारीत होते. डॉक्टरसमोर पट्टीखालून काय निघेल, हा घोर मला शुक्रवारपासून खात होता. एकदा नुसतं बघते, म्हणून मी टाके कापले. कापड खपलीला चिकटलं होतं. पाणी तापवायला चूल पेटवावी लागणार, हे तर उंबऱ्याशी चपला घालत होते. मी ओढलं. खपली कापडाबरोबरच आली आणि रक्ताचा ओघळ घोट्यापर्यंत गेला. सासूबाई दारात बाजरी निवडत होत्या. त्यांनी सगळं पाहिलं.

दुपारी हे परत आले. डॉक्टरनं घेतलं नाही, जागा दुसऱ्याला गेली.

संध्याकाळी नेहमीची माणसं जमली. देहूचे मावससासरे माझ्याकडे बघत म्हणाले, पट्टी तर शिवलेली होती, मग सोडली कुणी? हे दुपारपासून भिंतीकडे तोंड करून पडले होते. इतके दिवस ज्यांना मी घालूनपाडून बोलले होते, ती सगळी समोर बसली होती.

"म्या सोडली," सासूबाई म्हणाल्या. "म्हातारीला दम निघंना."

सगळे त्यांच्यावर तुटून पडले. त्यांनी मान खाली घालून ऐकून घेतलं. आणि मी, खरं सांगायला तोंड उघडायचं सोडून, त्या सगळ्यांसाठी चहा ठेवायला आत गेले.