वायरीतली विणकराची गाठ

नवागामच्या आमच्या एका खोलीच्या घरात मी कॅसेट भरायला बसले होते. रविवारी उधन्यात लूम कामगारांची सभा, आणि रिक्षातून वाजवायला कॅसेट त्याआधी हवीच होती. मजकूर माझाच, म्हणजे तावातावाचा. पण भरलेलं ऐकायला गेलं की उजव्या स्पीकरमधून खर्र खर्र. बारा तासांच्या पाळीवरचं माझं सगळ्यात जहाल वाक्य पापड मोडल्यासारखं ऐकू यायचं. कॅसेटच बिघडली की काय, तेही कळेना.

गुन्हेगार मी लगेच ठरवून टाकला: मागच्या गल्लीतला लूमवाला. याच्या मोटारी आमची वीज नासवतात! मजकुरात तसं वाक्यही घुसवलं. मग जेवणाच्या सुट्टीत त्याचे लूम थांबले, तरी खरखर चालूच. आवाजाची बटणं स्पिरिटने पुसली. दोन्ही स्पीकरांची अदलाबदल केली. खरखर उजवीकडेच राहिली. म्हणजे स्पीकर निर्दोष. उरली वायर.

कॉटवर आबा, माझे वडील, आज पाळीला सुट्टी म्हणून आरामात चहा पीत होते. सगळा जन्म लूमवर गेलेला माणूस. मी वायर चिमटीत धरून सरकत निघाले, तसे ते कपात जास्तच बघायला लागले. कॉटच्या पायाशी बोटाला ज्वारीच्या दाण्याएवढं काहीतरी लागलं. तांब्याच्या तारेला विणकराची गाठ! टोकंसुद्धा दातांनी साफ तोडलेली.

"आबा! हा काय धागा आहे?"

"पाय अडकना, तुटनी. गाठ मारी दिधी."

"मग सांगितलं का नाही?"

"तू वरडशी म्हनीसन." आणि जरा ऐटीत, "पन तुले बी लवकर सापडनी नही ना?"

हसू आलं, आणि पाठोपाठ संताप. लूमवर धागा तुटला की देखरेख करणारा मास्तर यायच्या आत गाठ मारायची आणि तोंड मिटून राहायचं, हीच त्यांची इतक्या वर्षांची सवय. पण घरात मास्तर कोण होतं? मीच की!

गाठ कापली, तारा नीट पिळून जोडल्या, वर टेप गुंडाळली. खरखर गेली. विजेचं वाक्य खोडलं आणि तिथे लिहिलं: धागा तुटला तर तुटला, असं न घाबरता म्हणता आलं पाहिजे.

"आते वाच," आबा म्हणाले. "पन हळू. लोकेस्ले समजाले पाहिजे."

मी हळू वाचलं. वाचून होईपर्यंत ते, वायरीत पुन्हा अडकू नयेत म्हणून, पाय कॉटवर घेऊन बसले होते.