टाकावरची वाफ

टाळेबंदी लागली तेव्हा साताऱ्यातल्या आमच्या लहानशा संग्रहालयात देव्हाऱ्यांचे प्रदर्शन नुकतेच मांडले होते. संस्था दिल्लीची, राष्ट्रीय. आम्ही तिची दूरची फांदी. वस्तूंच्या ओळखी लिहिणे हे माझे काम. दालनांना कुलपे लागली आणि दिल्लीहून सूचना आली : वस्तू पांढऱ्या मलमलीत गुंडाळा, प्रदर्शन पडद्यावर आणा, लोक घरबसल्या पाहतील.

त्या वस्तूंत तळहातात मावणारा चांदीचा एक टाक होता. घरातले माणूस गेले की त्याची प्रतिमा पत्र्यावर उठवून देवांच्या ओळीत बसवतात. हा जतकडच्या एका धनगर घरातल्या कर्त्या पुरुषाचा. त्याच्या बायकोनेच आणून दिला होता.

"जलमभर मेंढरांमागं रानात एकलंच हुतं मालक," ती म्हणाली होती. "आता जरा चार मान्सांत बसूंद्यात."

दर अमावास्येला ती एसटीने येई, काच उघडायला लावी आणि टाकाला हळदीचा भंडारा लावून जाई. आता जिल्ह्यांच्या सीमा बंद होत्या. तिचा फोन आला.

"मालक कसं हाईत?"

"नीट आहेत, मावशी. मलमलीत ठेवलेत. धूळ नको बसायला."



"तोंडावर बी कापूड टाकलंय?"

मी हो म्हणाले.

"आगं बाई, तोंड कुनाचं झाकत्यात? मातीतनं उठवून देव्हाऱ्यात बसिवलं आमी त्यास्नी, आन तुमी परत निजिवलं व्हय?"

 चित्रीकरणाच्या दिवशी तुम्हाला दाखवीन, एवढेच कबूल केले.

चित्रीकरणाच्या दुपारी छायाचित्रकार आणि मी आत शिरलो. डांबराच्या गोळ्यांचा उग्र दर्प मास्कमधूनही घशाशी येत होता. काचांमागे पांढरी गाठोडी ओळीने निजली होती. मी थांबले तरी माझ्या पावलांचा आवाज आणखी एक पाऊल चालून मग थांबे.

मी व्हिडिओ कॉल लावला. तिकडे सुनेने मोबाइल धरला होता. पडदाभर मावशीचा चेहरा आला. मी मलमलीच्या गाठीला हात घातला.

"थांब. आदी तुजं तोंड उघड. दोगं बी दरोडेखोरावानी आलायसा. मालक भित्याल की!"

"मॅडम, नको," छायाचित्रकार दाराकडे सरकत म्हणाला. "खोली बंद आहे."

मी मास्क काढला. कित्येक आठवड्यांनी उघड्या नाकाला दालनातले गंध भेटले : थंड धातूचा, कापसाचा आणि त्यांच्याही खाली, कुणी आत्ताच हात झटकून गेल्यासारखा, हळदीचा. गाठ सोडली. फेटा, मिशा, मोठे उघडे डोळे. मी वाकले आणि त्या चेहऱ्यावर वाफ चढली. मिशा विरल्या, फेटा विरला. मग कडांपासून हळूहळू सारे निवळत आले. डोळे सर्वांत शेवटी.

"घेतला," मावशी म्हणाली.

"काय?"

"श्वास. लय कोंडलं असंल त्यास्नी."

तो माझाच श्वास होता, असे सांगायला मी तोंड उघडले आणि मिटले. वाकताना तर मी श्वास रोखून धरला होता.

टाक परत गुंडाळला तो गळ्यापर्यंतच. सूचनेत तसे नव्हते. छायाचित्रकाराने सारे चित्रित केले होते. वाफेचा तुकडा कापा, असे दिल्लीने कळवले. तो ठेवावा म्हणून मी भांडले आणि तो राहिला.

संग्रहालय पुन्हा उघडेपर्यंत मावशी दर अमावास्येला फोनवर विचारी, "आज कोन आलं हुतं मालकांकडं?"

पडद्यावर येणाऱ्यांना चेहरे नसतात, पावले नसतात. "आले होते, मावशी," मी म्हणे. मग ते खोटे ठरू नये म्हणून घरी दिवेलागणीला मी स्वतः पडद्यावरचे ते दालन उघडी. वाफ चढे, कडांपासून निवळे. डोळे दिसेपर्यंत मी पडदा बंद करत नसे.