संत्र्याच्या बागेतला खराटा

वर्ध्याहून आर्वीची एसटी सुटली तेव्हा हेजिनच्या मांडीवर गोरसपाकाचा (वर्ध्याची तुपाळ, खुसखुशीत बिस्किटं) पुडा होता आणि माझ्या मांडीवर तिची पिशवी. खाणं आणि सामान दोन्ही सांभाळणं तिला जमत नव्हतं. मार्च नुकताच लागला होता, तरी खिडकीची सळई हाताला चटका देत होती. मी सांगलीची, मला उन्हाचं कौतुक नाही. हिला मात्र कापसाच्या वाळलेल्या पऱ्हाट्यासुद्धा बघाव्याशा वाटत होत्या.

हेजिन माझ्या मुलीची मैत्रीण. जन्म कॅलिफोर्नियातला, मूळ कोरियाचं. तिचे पणजोबा अमेरिकेत गेलेल्या पहिल्यावहिल्या कोरियन लोकांपैकी एक. तिथं ते संत्र्यांच्या बागेत मजुरी करत. मागे देश जपानच्या ताब्यात गेला, तेव्हा त्यांनी बागेतले सगळे कोरियन मजूर एकत्र केले, रात्रीची शाळा काढली, सभा भरवल्या आणि परमुलखातून स्वातंत्र्याची चळवळ चालवली. आता त्यांच्या थडग्यावरची अक्षरं पुसत आली होती आणि नवा दगड बसवायचा होता. हेजिनच्या आत्याचं म्हणणं, दगडावर 'नेता' कोरायचं. भावाचं म्हणणं, नेता कसला, आयुष्यभर दुसऱ्यांच्या खोल्या झाडत फिरला, लोक हसतील. शेवटचा शब्द हेजिनवर सोपवला होता आणि परत गेल्यावर तिला तो सांगायचा होता. सेवाग्रामच्या कुडाच्या भिंतींपुढं दोन दिवस बसूनही तिचं काही ठरलं नव्हतं. पणजोबांच्या बागांवर आता घरं उभी आहेत, म्हणून निदान इथली संत्र्याची बाग तरी बघू, असं मीच सुचवलं.

कंडक्टरनं आम्हाला एक फाटा आधीच उतरवलं. माझी चिडचिड झाली. हेजिन मजेत चालत होती. शेवटी एका ट्रॅक्टरवाल्यानं आम्हाला बागेपर्यंत सोडलं.

बाग सुमनताईंची, माझ्या विहिणीच्या नात्यातल्या. साठीच्या, उंच, आवाज शेताच्या पलीकडे जाणारा. "या बाई, उन्हाच्या काऊन चालत आल्या? फोन नाई करायचा?" म्हणत त्यांनी पाणी दिलं. मग ताटात सांबारवडी आली. मी इडलीबरोबरच्या सांबाराची वाट बघत बसले. सांबार म्हणजे इथं कोथिंबीर, हे कळेपर्यंत हेजिननं माझ्या वाटच्याही वड्या संपवल्या होत्या. लबाड!

मिरगाच्या बहाराचा, म्हणजे पावसाळ्यात धरलेल्या फळांचा, तोडा चालू होता. हेजिननं कात्री मागून घेतली, एक संत्रं तळहातावर तोललं आणि देठ अगदी फळालगत कापला. ओढलं तर साल फाटते, हे तिच्या घरात लहानपणीच शिकवतात म्हणे.

"हे कुठं शिकली पोरगी?" सुमनताईंनी विचारलं.

मी पणजोबांची गोष्ट सांगू लागले. हेजिन इंग्रजीत भर घालत होती, मी मराठी करत होते. झाडण्याचा भाग आला तशी मी अडखळले. एवढ्या मोठ्या माणसाला झाडूवाला कसं म्हणायचं? मी म्हटलं, "त्यांनी मजुरांमध्ये स्वच्छतेविषयी जनजागृती केली."

"म्हंजे काय केलं?"

"म्हणजे..." मी हेजिनकडे बघितलं. "लोकांच्या खोल्या झाडल्या. जिने पुसले. खिडक्या धुतल्या."

"मंग तसं सांगा नं!" सुमनताई खाली बसल्या. "माह्या सासऱ्यानं बी तेच केलं. सेवाग्रामले जाऊन आला अन् दुसऱ्या दिवशी खराटा घेऊन गल्लीत उभा. लोकं हासत. म्हनत, येडा झाला. मंग येक जन आला संग झाडाले, मंग दोन. गाव जमलं, तव्हा त्यानं स्वराज्याची गोष्ट काढली."

मी हे हेजिनला सांगितलं. तिनं हातातली कात्री खाली ठेवली. मग हळूच म्हणाली, "त्यांना विचारा, गावातले लोक सासऱ्यांना काय म्हणत?"

"काय म्हनतीन? नेता म्हनत." सुमनताईंना प्रश्नच कळेना. "झाडत होता म्हनून तं म्हनत."

हेजिनच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं, उगाच उन्हावर कशाला ढकलू? मग तिनं सांगितलं की आज मार्चची पहिली तारीख. १९१९ साली याच दिवशी कोरियातले लोक स्वातंत्र्यासाठी रस्त्यावर उतरले होते आणि घरी असती तर ती पणजोबांच्या थडग्यावर गेली असती.

"आज?" सुमनताई उठल्या. कुडाला टेकवलेले दोन खराटे घेऊन आल्या आणि एक तिच्या हातात दिला. "मंग असं बसून काऊन राह्यली? चाल, आंगन झाडू. आमी झेंड्याच्या दिवशी आधी हेच करतो."

दोघींनी मिळून अंगण झाडलं. हेजिनला खराटा धरता येईना. सुमनताईंनी तिची बोटं मुठीवर नीट बसवून दिली. मी बाजेवर बसून संत्री सोलत होते आणि फार बरं वाटत होतं. निघताना सुमनताईंनी पिशवीभर संत्री दिली, "पुन्हा येजो बाप्पा" म्हणाल्या आणि फाट्यापर्यंत सोडायला आल्या.

सांगलीला परतल्यावर पहिल्याच सकाळी मी जिन्यात खराटा घेऊन उभी राहिले, तर शेजारी विचारू लागले, कामवाली आली नाही का? नेता व्हायला मला अजून बराच वेळ आहे.

गेल्या आठवड्यात हेजिनचा फोटो आला. नव्या दगडावर पणजोबांचं नाव, खाली 'नेता' आणि त्याखाली कोरलेला एक छोटा खराटा. भावानं स्वतः चित्र काढून दिलं म्हणे. मी फोटो सुमनताईंना पाठवला. लगेच त्यांचा फोन आला.

"खराटा लहान काढला," त्या म्हणाल्या. "पन मूठ बराबर हाय."