आबांच्या पायातलं पाणी

सोमवारी सकाळी आबांचं वजन पुन्हा दोन पौंडांनी वाढलं आणि राउंडवर आलेल्या डॉक्टरांनी चार्ट सोडून माझ्याकडे पाहिलं.

"सिस्टर, मीठ बंद आहे ना?"

"आठ दिवसांपासून."

"मग तुमचा काटा बिघडलाय."

तेव्हा मी धुळ्याच्या एका दवाखान्यात पुरुष वॉर्डची सिस्टर होते. आबा भडगावकडचे शेतकरी. त्यांचं हृदय थकलं होतं आणि पायांवर सूज होती. नडगीवर बोट दाबलं की खळगा पडे आणि बराच वेळ भरत नसे. अशा पेशंटच्या शरीरात मीठ साठतं आणि मीठ पाणी धरून ठेवतं. म्हणून रोज वजन करायचं. एका रात्रीत दोन पौंड वाढले तर ती चरबी नसते, पाणी असतं.

बारा दिवसांनी आबांच्या नातीचं लग्न होतं. डॉक्टरांनी बजावलं होतं, सूज उतरल्याशिवाय सुट्टी नाही. लग्नासाठी शिवून घेतलेल्या नव्या कोऱ्या चपला आबांनी खाटेखाली ठेवल्या होत्या. रोज सकाळी ते पाय घालून बघत.

"शिस्टरबाई, चप्पलमा पाय जास नही."

मी वहीत संशयितांची यादी केली. काटा, भेटायला येणारे, डबा. पहिल्यांदा काटा. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातून वजनं मागवून तपासला. बरोबर निघाला. डॉक्टरांना मात्र तो पटेना, कारण खात्री करायला ते स्वतः त्यावर उभे राहिले होते.

मग भेटायला येणारे. दोन दिवस मी सगळ्यांच्या पिशव्या पाहिल्या. केळी आणि चिवडा निघाला. चिवडा काढून घेतला. तरी गुरुवारी वजन आणखी एक पौंड वर.

"उद्यापासून इंजेक्शन वाढवू," डॉक्टर म्हणाले. त्या काळी ही इंजेक्शनं पाऱ्याची असत. लघवी वाढते, पण मूत्रपिंडांना जड जातात. मी एक दिवस मागून घेतला.

राहिला डबा. आबा दवाखान्याचं जेवत नसत. त्यांच्या पत्नी, अक्का, शेजारच्या धर्मशाळेत चूल मांडून स्वयंपाक करत. त्यांच्यावर मला संशय नव्हता. नवऱ्याबरोबर त्यांनीही मीठ सोडलं होतं, तेही देवापुढे हात जोडून. म्हणून डब्याचं नाव यादीत सगळ्यात खाली होतं.

त्या दुपारी मी आबांना जेवताना पाहिलं. भाकरी आणि वांग्याची भाजी. आबा बोटं चाटत होते. इतक्या वर्षांच्या नोकरीत अळणी खाणाऱ्या पेशंटला मी बोटं चाटताना पाहिलं नव्हतं. डबा फेकताना पाहिलं होतं.

"अक्का, मला थोडी भाजी द्या."

भाजी झकास होती. तिखट, आणि व्यवस्थित खारट.

"अक्का, यात मीठ आहे!"

अक्का दुखावल्या. "मीठनी बरणी मी घरच ठेई उनू, बाई! बठ्ठं बंद शे."

"मग खारट कशानं लागतं?"

त्यांनी पदराची गाठ सोडली. आत गुलाबीसर दगडाचा सुपारीएवढा खडा होता. सैंधव.

"हाई मीठ नही शे. हाई उपासनं शे. एकादशीले चालस."

मी तो खडा घेऊन डॉक्टरांच्या टेबलावर ठेवला. डॉक्टर भडकले. "शुद्ध अडाणीपणा! मीठ ते मीठच!"

"एकादशीला तुमच्याकडे बटाट्यात काय घालतात?"

"सैंधव."

"आणि मीठ?"

"छे! उपासाला मीठ कसं..." डॉक्टर पेनचं टोपण बराच वेळ लावत राहिले.

अक्कांना समजावलं की देवाला हा खडा चालत असेल, आबांच्या पायांना चालत नाही. त्यांनी तो तिथेच माझ्या हवाली केला. संध्याकाळपासून डब्यात चवीला नुसतं लिंबू आणि हिरवी मिरची आली.

पहिल्याच घासाला आबा ओरडले, "हाई वांगं शे का कापूस?" मी वहीत लिहिलं, अळणी आहार सुरू.

इंजेक्शन वाढवावं लागलं नाही. आठवड्यात नऊ पौंड उतरले. लग्नाच्या आदल्या दिवशी आबांनी चपला घातल्या आणि वॉर्डभर दोन चकरा मारल्या. एक टाच जरा आवळत होती, पण ते त्यांनी डॉक्टरांना सांगितलं नाही. मीही नाही. मी अक्कांच्या हातात मांडवासाठी यादी दिली: पापड नाही, लोणचं नाही, शेव नाही, सैंधव नाही.

तेव्हापासून 'मीठ बंद' एवढंच सांगून मी थांबत नाही. उपासाला काय खाता, तेही विचारते. आणि अळणी जेवणाऱ्या पेशंटनं स्वयंपाकाची तारीफ केली, की चमचा घेऊन जाते.